सालीसकट

नासकं संत्रं मला दिसायच्या आधी कळतं. यात बढाई काही नाही, चाळीस वर्षं एकच काम केलं की कुणालाही कळेल. मोर्शीत संत्र्याच्या शेडमध्ये आम्ही बाया ढिगाभोवती बसायचो. संत्रं उचलायचं, हातात फिरवायचं, देठाशी नाक न्यायचं. चांगलं ते पेटीत, नासकं ते पाठीमागच्या टोपल्यात. नाक दोनदा लावायचं असतं बरं का. पहिला वास सालीचा, तो फसवतो. दुसरा आतला, तो खरा. एक नासकं आत गेलं तर दिल्लीला पेटी उघडेस्तोवर सगळी पेटी हिरव्या बुरशीनं भरते आणि शिव्या आम्हाला.

पेटीच्या तळाशी रद्दी पेपर घालायचो. माझी शाळा दुसरीपर्यंतच. पुढचं वाचन त्या रद्दीवर झालं. म्हणून मला पुष्कळ बातम्या अर्ध्याच माहीत आहेत, कारण उरलेला अर्धा कागद दुसऱ्या पेटीत जायचा.

तर असं माझं आयुष्य सडकं बाजूला काढण्यात गेलं, आणि माझ्या भाचीनं सडवायचंच शिक्षण घेतलं. भाची म्हणजे माझ्या धाकट्या भावाची एकुलती एक पोरगी. आई लवकर गेली तिची. मी दोन गल्ल्या सोडून राहते, त्यामुळे अर्धी माझ्याच घरी वाढली. अकोल्याच्या कृषी विद्यापीठात शिकली तेव्हा आम्ही सगळ्यांना पेढे वाटले. मग ती नाशिककडे नोकरीला लागली. कशाची नोकरी, तर द्राक्षाची दारू करायची. पेढे परत मागता येत नाहीत.

"दारू नाही आत्या, वाइन," ती म्हणायची.

"पेल्यावर मानूस डुलते का नाही?"

"डुलते."

"मंग?"

यावर तिच्याकडे पुष्कळ उत्तरं होती. एक तर वाइन ही दारू नव्हे असं आता मोठे मोठे लोकही म्हणतात, हे मीही पेपरात वाचलं होतं, पूर्ण पेपरात. मला ती भाषाच घाण वाटते. आम्ही विहारात दर पौर्णिमेला पंचशील घेतो. त्यातलं पाचवं शील नशेचं आहे आणि त्यात अमुक बाटली चालेल, तमुक नाही, असं कुठं म्हटलेलं नाही.

एकदा तिनं मला आणि तिच्या बापाला नाशिक दाखवायला नेलं. बडनेऱ्याहून गाडी पकडली, सकाळी उतरलो. द्राक्षाच्या बागा पाहून भाऊ हरखून गेला. तारांवर चढवलेल्या वेली, एका रेषेत, जशा वहीवर ओळी मारल्या. भाची भूगोलाच्या बाईसारखी सांगत होती, आपल्या देशात वाइनची द्राक्षं कुठं कुठं होतात ते. नाशिक झालं, सांगली-सोलापूर झालं, खाली विजापूर, पार बंगळुरूच्या वरच्या नंदी टेकड्या. इथं रात्र गार असते म्हणून रंग धरतो, तिथं माती हलकी म्हणून मूळ खोल जातं. ते ऐकायला चांगलं होतं, खोटं कशाला बोलू. मी तिला विचारलं, या यादीत आपलं वऱ्हाड कुठं आहे? ती म्हणाली, "अजून नाही."

मग आम्हाला आत नेलं. एका मोठ्या लाकडी टबात द्राक्षं ओतली होती आणि चांगल्या घरची पोरं-पोरी चड्ड्या घालून त्यात नाचत होती. पायानं. फोटो काढत होती. एका गड्याच्या टाचेला चिकटपट्टी होती. चढताना होती, उतरताना नव्हती. मी भाचीकडे पाहिलं.

"हे नुसतं पर्यटकांसाठी, आत्या. खरी वाइन मशीननं करतात."

"मंग हे द्राक्षं कुठी जातात?"

"फेकून देतात."

म्हणजे खायचं अन्न पायाखाली तुडवायचं आणि वरून फेकायचं. मला वाटलं होतं, यापेक्षा घाण काही नसेल. पण पुढच्या खोलीत चव घ्यायचा कार्यक्रम होता. लांब टेबल, पुढ्यात काचेचे पेले, आणि मधोमध एक स्टीलची बादली. आमच्याकडे पंगतीत वरण वाढायला असते ना, हुबेहूब तशी. लोक घोट घ्यायचे, गालात खळबळ खळबळ फिरवायचे आणि त्या बादलीत थुंकायचे. एकाच बादलीत सगळे. एक बाई समजावून सांगत होती की या वाइनला ढोबळी मिरचीचा वास आहे, या दुसरीला ओल्या कातड्याचा, तिसरीला तंबाखूचा. ढोबळी मिरची हुंगायची तर बाजारात जाऊन हुंगावी, त्यासाठी द्राक्षं कशाला नासवायची? मी खुर्चीवर पदर नाकाला लावून बसले होते. त्या बाईनं मला हसून विचारलं, "आजी, तुम्हाला कसला वास येतोय?" मी म्हटलं, "बादलीचा."

भावानं मात्र वेली मनात धरल्या. त्याच्या बागेतला संत्र्याचा एक तुकडा डिंक्या रोगानं गेलाच होता, झाडं बुंध्यापासून सुकली होती. दोन एकर उघडे पडले होते. पोरीनं नाशिकची नोकरी सोडली, बापाला सांगितलं की इथं काळी द्राक्षं लावू, उन्हाच्या आधी उतरवू, आपल्याकडंही होते हे दाखवू. अकोल्याच्या अलीकडे एका गृहस्थानं नवीन कारखाना काढला होता, परवाना वगैरे भिंतीवर काच लावून टांगलेला. तिथं तिला वाइन करायचं काम मिळालं. चार वर्षं बापलेकीनं त्या वेलींना आंघोळ घालायची तेवढी बाकी ठेवली.

इकडं विहारातल्या बाया मला सोडत नव्हत्या. वंदना संपली की एक तरी टोमणा ठरलेला.

"काय वं, तुयी भाची दारूचा कारखाना चालवून राहिली म्हने. आता तुमाले घरपोच."

"हाव, तुले दोन बाटल्या ठेवल्या बाजूले," मी म्हणायची. पण घरी येताना मला माझीच लाज वाटायची. जे मला स्वतःला घाण वाटत होतं, त्याची बाजू घेऊन मी भांडत होते.

गेल्या वर्षी पहिल्यांदा पुरतं पीक आलं. मार्चच्या सुरुवातीला तोडणी झाली. मी एक द्राक्ष तोंडात टाकलं आणि थुंकलं. जाड साल, आत दोन-तीन बिया, गर नावाला. यापेक्षा बोरं बरी. भाची म्हणाली की साल जाड असते म्हणूनच ही वाइनची, सगळा रंग आणि चव त्या सालीत. मी म्हटलं, असेल माय.

एप्रिलमध्ये तिचा फोन आला. आवाज बसलेला.

"आत्या, तू एक डाव अकोल्याले ये. पेऊ नको, नुसता वास घे."

"कशाचा?"

"आपल्या टाकीचा. काहीतरी नासलं आहे आत्या, अन् मले समजून नाही राहिलं."

मी नाही म्हणणार होते. पण तिनं मला असं कधी बोलावलं नव्हतं. सकाळची बस धरली, अमरावतीला बदलली, मूर्तिजापूरच्या पुढं उतरले. ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं. कारखान्याच्या मागच्या बाजूला काळपट लाल चोथ्याचा ढीग पडला होता, पिळून उरलेल्या साली आणि बिया. त्यावर चिलटांचा ढग. आमच्या शेडमागच्या टोपल्यांचा वास शंभर पटीनं वाढवा आणि त्यात शिळी भाकर कुस्करा, तसं काहीतरी. मी पदर नाकाला लावला तो आत एसीच्या खोलीत जाईपर्यंत सोडला नाही.

भाची गुडघ्यापर्यंत रबरी बूट घालून उभी. हात मनगटापर्यंत जांभळे. तिनं स्टीलच्या टाकीची तोटी उघडून पेल्यात थोडं काढलं आणि मला दिलं. मी नाक लावलं. सडकं अंडं. उघड्या गटारावर फोडलेलं सडकं अंडं. मी पेला लांब धरला.

"हा वास सगळ्यायले येऊन राहिला," ती म्हणाली. "तांबं फिरवून काढता येते आत्या, तेवढं मले येते. पन हा आला कुठून, हे नाही सांगता आलं तं पुढच्या साली आपल्याकडचे द्राक्षं कोन घेईन? मालक म्हनतात, जमीनच तशी आहे. वऱ्हाडची काळी माती अन् वऱ्हाडचं ऊन, यात हे होनारच. सोमवारी ठरवनार. नाशिकहून गाड्या मागवू म्हनतात."

"अन् तू?"

"नाशिकचेच द्राक्षं करायचे तं मी नाशिकलेच जाईन ना. इथं कशाले राहू?"

ती हे बोलताना पेला पुसत होती. एकच पेला, चार वेळा. मी ओळखलं की तिनं जायचं मनात पक्कं केलं आहे आणि तिला जायचं नाही.

मी पुन्हा नाक लावलं. दुसरा वास. अंड्याच्या मागं, खूप मागं, कोरडं काहीतरी होतं, काडेपेटी ओढल्यावर हवेत राहतं तसं. आणि मला एकदम भावाचा दुपट्टा आठवला. फेब्रुवारीच्या शेवटी तो चहाला आला होता, दुपट्टा पिवळसर झालेला, गंधकाचा घमघमाट. मी विचारलं होतं तर म्हणाला, संत्र्याले मारलं.

"तुया बापाले इचारलं का, फवारा कधी बंद केला?"

"इचारलं. म्या तारीखच लिहून देली होती. बाबा म्हने, तू सांगतल्या दिवशीच बंद केला."

मी गप्प बसले. ही माझी चूक. तिथंच बोलायला पाहिजे होतं, पण बापाला पोरीसमोर खोटं पाडणारी मी कोण, असं वाटलं, आणि मी "नाही वं समजत" म्हणून उठले. दोन्ही बसमध्ये मला माझी किळस येत राहिली. शेडमध्ये कुणी बाई नासकं संत्रं ओळखूनही पेटीत टाकायची, तेव्हा मी तिला सगळ्यांसमोर बोलायची.

मोर्शीला उतरले ती घरी न जाता सरळ भावाच्या बागेत गेले. ऊन उतरत होतं. तो वेलींच्या तारा तपासत होता.

"फेब्रुवारीत तू संत्र्याले गंधक मारलं म्हनत होता."

"हाव."

"तुया संत्रा तं डिसेंबरातच उतरला. मंग फेब्रुवारीत कशासाठी?"

तो तार ओढत राहिला. मग खाली बसला. मीही बसले, माझे गुडघे आता उभं राहू देत नाहीत.

"बाई, बुरशी दिसली होती, भुरी. दोन घडावर. पांढरी. तोडनीले आठ दिवस राहिले होते. चार वर्षं पोरीनं जीव लावला अन् माया डोयासमोर घड पांढरे होऊन राहिले. गंधक तं साधी गोष्ट आहे. संत्र्यावर आपन तोडनीच्या आदल्या हप्त्यातही मारतो. कोनाले काही झालं का आजपावतर? साल तं फेकतेच ना मानूस."

"तिले काहून नाही सांगतलं?"

"तिनं तारीख लिहून भिंतीले चिटकवली होती. मले वाटलं, रागावीन."

"रागावली असती तं बरं होतं. आता ते जाऊन राहिली."

मी त्याला टाकीचं, मालकाचं, सोमवारचं सगळं सांगितलं. त्याचं तोंड उतरलं. म्हणाला, "तूच सांग ना बाई तिले फोनवर." मी म्हटलं, उद्या सकाळच्या बसनं चाल.

"मी नाही येत त्या दारूच्या कारखान्यात."

"मी जाऊन आली ना, शील घेतलेली बाई. तुले काय झालं?"

दुसऱ्या दिवशी तो आला. पिशवीत गंधकाचं अर्धं राहिलेलं पाकीट घेऊन, जसं विंचू चावल्यावर लोक विंचूच दवाखान्यात घेऊन जातात तसं. बसमध्ये पिशवी मांडीवर धरून बसला. शेजारचा माणूस वासानं उठून मागं गेला.

भाचीनं बापाला दारात पाहिलं, मग पाकिटाकडं पाहिलं. तिला सांगावं लागलं नाही, पण त्यानं सांगितलं. उभ्या उभ्या, जमिनीकडं बघत, तोडणीच्या आठ दिवस आधी, दोन पंप.

"बाबा, हे सालीसकट जाते," ती म्हणाली. "काळे द्राक्षं सालीसकट टाकीत जातात. दहा-बारा दिवस सालीतच राहतात. ते गंधक आंबन्यात उतरलं, त्याचा हा वास."

"मले वाटलं, रस काढत असन अन् साल फेकत असन. संत्र्यावानी."

"हप्ताभर मी पाइप धुऊन राहिली. खमीर खराब आहे म्हनून ज्या दुकानदाराले शिव्या देल्या, त्याले आता काय सांगू? रात्री झोप नाही मले. अन् तुमी तिकडं वेलीजवळ उभे राहून मले फोनवर इचारता, कशी आहे वाइन."

भाऊ म्हणाला, "हाव." एवढंच. मला वाटलं, आता ही रडेल. ती बाहेर गेली, नळावर तोंड धुतलं, आणि परत आली ती हातात तांब्याची एक स्वच्छ पट्टी घेऊन. पेल्यात वाइन घेतली, पट्टी आत घालून फिरवली, थोडा वेळ थांबली आणि पेला माझ्या पुढं केला.

"घे."

मी पहिल्यांदा नाक लावलं. अंडं नव्हतं. दुसऱ्यांदा लावलं. गंधकही नव्हतं. जे उरलं होतं ते आंबट, तुरट, पावसात भिजलेल्या लाकडाचं, आणि खाली कुठंतरी जांभळासारखं. पुन्हा पदर नाकाला.

"चांगला आहे?"

"वाईट आहे. पन आता तो तुयावाला वाईट आहे. बापाचा नाही."

ती हसली आणि हसताहसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. भावानं पेला मागितला, हुंगला, म्हणाला, मले तं दोन्हीचा सारखाच वास येऊन राहिला. जन्मभर फवारे मारून त्याचं नाक केव्हाच गेलं आहे.

सोमवारी तिनं मालकासमोर सगळं मांडलं. लपवलं नाही, दोष बापाचा म्हणून सांगितलं आणि जमिनीचा नाही म्हणून सांगितलं. तांब्याचं काम तिनं मोजूनमापून, प्रयोगशाळेत तपासून केलं. मालकानं नाशिकच्या गाड्या थांबवल्या, एक वर्ष आणखी बघू म्हणाले. अट एकच. फवारणीचं काहीही या माणसाच्या हाताशी राहायचं नाही.

म्हणून यंदा डिसेंबरपासून गंधकाची गोणी माझ्या मागच्या पडवीत आहे. कुलपात, चावी माझ्या कमरेला. सगळं घर काडेपेटीसारखं वास मारतं. धुणं वाळत घातलं तर धुण्याला वास, पाहुणे आले तर पाहुणे विचारतात. विहारातल्या बाया म्हणतात, आता हिच्या घरीच कारखाना निघाला. मी त्यांना काय सांगू? वाइन मला आजही घाण वाटते. त्या चोथ्याचा ढीग आठवला की जेवण जात नाही. आणि तीच वाइन नीट व्हावी म्हणून मी ही दुसरी घाण घरात सांभाळते आहे.

परवा सकाळी भाऊ आला. पायरीवर बसला, इकडचं तिकडचं बोलला. थंडी किती पडली, संत्र्याचा भाव काय.

"बाई, दोन घड जरा पांढरे दिसून राहिले."

"तिले फोन लाव."

"एवढ्याशासाठी? मी चिमूटभरच घेतो."

"तिले फोन लाव."

"अन् तिनं नाही म्हटलं तं?"

"तं नाही."

तो पडवीच्या दाराकडं बघत राहिला. म्हणाला, "पोरीनं तुले चांगलं जमादार केलं माया डोक्यावर." मी चहा टाकायला आत गेले. पातेलं चढवलं, आलं ठेचलं. बाहेर फोनची बटणं दाबल्याचा आवाज आला. पलीकडून ती काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही. तो आधी बराच वेळ घडांबद्दल सांगत होता, किती, कुठल्या ओळीत, सावलीत की उन्हात. मग नुसतं हाव, हाव म्हणत राहिला. चहा घेऊन बाहेर आले तर फोन खिशात होता आणि तो चपला घालत होता.

"काय म्हने?"

"फोटो पाठवा म्हने. मंग सांगतो म्हने." त्यानं चहा उभ्यानंच घेतला. "चाल, तूही चाल. मले ते फोटोचं जमत नाही."